वीस मीटर वायर आणि भिंतीवरचा टॅब

आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. गटात चौदा जणी आहोत, आज स्टुडिओत चौघीच आलोय. पण जे सांगणार आहोत ते चौदा जणींनी मिळून ठरवलंय, म्हणून कुणा एकीचं नाव न घेता ‘आम्ही’ म्हणू.

आमचं भाजी गोळा करायचं केंद्र आहे. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, तीन बाजू उघड्या आणि मागे विटांची भिंत. दुपारी तोडलेली गवार, भेंडी, घेवडा घेऊन बाया चार वाजल्यापासून यायला लागतात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर माप होतं, क्रेट भरतात, आणि रात्री नऊला टेम्पो पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघतो. दुसऱ्या दिवशी भाव कळला की जिच्या तिच्या वजनाप्रमाणे पैसे. म्हणजे सगळा व्यवहार त्या वजनाच्या आकड्यावर उभा आहे.

आधी आम्ही वही ठेवायचो. वहीचे घोळ तुम्हाला माहीत आहेतच. एकीने ‘तेवीस’ म्हणायचं, लिहिणारीने गडबडीत ३२ लिहायचे. आपल्या भाषेत आकडा उलटा बोलतात आणि सुलटा लिहितात, त्यात संध्याकाळी सातची घाई. दोन वेळा असं झाल्यावर गटाच्या नफ्यातून टॅब घेतला. त्यात सभासदाचं नाव, माल आणि वजन भरायचं. सुरुवातीला टॅब हातात असायचा. एकदा पडला, एकदा कुणाच्या तरी नातवाच्या हाती सापडला. शिवाय आकडा फक्त धरणारीलाच दिसायचा. मग सगळ्यांनीच सांगितलं, भिंतीवर लावा, आमचं वजन आम्हाला आमच्या डोळ्यांनी दिसू दे. सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, कडी लावली, आणि टॅब भिंतीवर बसवला.

आता प्रश्न आला चार्जिंगचा. शेडला विजेचं कनेक्शन नाही. काट्याला स्वतःची बॅटरी आहे, ती घरी नेऊन चार्ज केली की भागतं. टॅबचं तसं करायचं तर रोज तो कुणाच्या घरी जाणार यावरूनच भांडण झालं असतं. पण शेडपासून वीस मीटरवर गटाची स्लॅबची खोली आहे. तिच्यावर सोलर पॅनेल, आत १२ व्होल्टची ४० अँपिअर-अवरची बॅटरी आणि दोन एलईडी दिवे. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे जो चार्ज कंट्रोलर असतो, त्यावर मोबाइल चार्ज करायचं छोटं यूएसबी सॉकेटही होतं. आम्हाला वाटलं, मिटलं काम! तालुक्याच्या बाजारातून यूएसबीच्या दहा-दहा मीटरच्या दोन वायरी आणल्या, एकात एक घातल्या, खोलीतून शेडपर्यंत ओढल्या. दुकानदार म्हणाला होता, “मोबाइल चार्ज होतो म्हणजे टॅबपण होणार ताई.” पिन लावल्याबरोबर पडद्यावर विजेची खूण आली. आम्ही नारळ फोडला.

पहिले पंधरा दिवस काही कळलं नाही. माल कमी होता, टॅब तासभर चालायचा, बाकी वेळ पडदा बंद. मग मार्चमध्ये गवार वाढली. चार ते नऊ पडदा चालू, आणि उघड्या शेडात दिसावं म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला. आणि टॅब संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास बंद पडायला लागला. वायर लावलेली, विजेची खूण दिसतेय, आणि टक्के मात्र उतरतायत. साठ, चाळीस, वीस, आणि पडदा काळा.

एका संध्याकाळी तर घोटाळाच झाला. गर्दी होती. तिघींची मापं ओळीने भरायची आणि मग एकदम ‘जतन करा’ दाबायचं, ही आमची सवय, आणि ती चूक आमचीच. दाबायच्या आत टॅब गेला. तोवर तिघींची गवार क्रेटमध्ये ओतून झाली होती, आणि काटा काही जुनं माप लक्षात ठेवत नाही. दोघींचं आठवणीवर निभावलं. तिसऱ्या मावशी म्हणाल्या, माझी ३८ किलो होती. क्रेट भरणाऱ्या आक्का म्हणाल्या, मी तेहतीस ऐकलं. पाच किलोचा फरक. पैसा फार नव्हता, पण त्या रात्री शेडात जे बोलणं झालं ते पाच किलोचं नव्हतं.

त्याहून वाईट पुढे झालं. टॅबवर नोंदी करायचं काम आमच्याच एका सभासद काकूंच्या सूनबाई करायच्या. बारावी झालेली, हात चलाख, कुणाला उलट न बोलणारी पोर. दुसऱ्या दिवशी बैठकीत कुणीतरी म्हणालं, “दुपारी एकटीच असते तिथं. बघत असेल काहीतरी. नाहीतर चार्जिंगला लावलेला टॅब उतरेल कसा?” एकीने म्हटलं, दुसरीने मान हलवली, आणि बाकीच्या गप्प बसलो. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, त्यासुद्धा काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी चौकटीची किल्ली सासूबाईंच्या हाती पाठवून दिली.

मग नोंदी आमच्यातल्या दुसऱ्या एका बाईने केल्या. त्यांना टॅबवर आकडे भरण्यापलीकडे काही येतच नाही. चार दिवस झाले, टॅब रोज त्याच वेळी बंद. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. पण माणसावर संशय घेतला की तो काढून टाकायला वेळ लागतो, मैत्रिणींनो.

पाडव्याच्या सुट्टीला आमच्या खजिनदार काकूंची भाची आली. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करते. तिच्याकडे अंगठ्याएवढं एक मीटर होतं, वायरीची पिन आणि टॅब यांच्या मधे बसणारं. त्यावर व्होल्टही दिसतात आणि किती अँपिअर जातायत तेही दिसतं. तिने आधी खोलीत कंट्रोलरपाशी पाहिलं, ५.१ व्होल्ट. मग शेडात आली, टॅब न लावता वायरीच्या टोकाशी पाहिलं. तिथेही ५.१. आम्ही म्हटलं, बघ, वायर चांगली आहे. ती म्हणाली, “मावशी, आता टॅब लावा.” टॅब लावला आणि आकडा ४.३ वर आला. शेजारी अँपिअरचा आकडा ०.०९. ती म्हणाली, “टॅबला हवेत दोन अँपिअर. पडदा चालू ठेवायलाच अर्धा ते एक अँपिअर लागतो. याला मिळतोय एक दशांशसुद्धा नाही. विजेची खूण दिसते ती फक्त काहीतरी येतंय म्हणून.”

आम्हाला पटेना. टॅब काढला की पूर्ण व्होल्ट आणि लावला की कमी, हे कसं? तेव्हा तिने विचारलं, “मावशी, तुमच्याकडे ठिबक आहे ना?”

आणि मग एका मिनिटात कळलं. ठिबकची लॅटरल शंभर-दीडशे मीटर लांब आणि बारीक असेल, आणि सगळे ड्रीपर बंद करून शेवटच्या टोकाला दाबाचं घड्याळ लावलं, तर तिथे मोटरीपाशी आहे तेवढाच दाब दिसतो, कारण पाणी वाहतच नाही. ड्रीपर सोडले की पाणी पळायला लागतं, नळीच्या आत घासतं, आणि टोकाच्या झाडाला थेंबसुद्धा नीट पडत नाही. व्होल्ट म्हणजे दाब. अँपिअर म्हणजे वाहणारं पाणी. वायरीची आडकाठी, तिला ते ओहम म्हणतात, ती नळीच्या बारीकपणासारखी. वीज वाहते तेव्हाच दाब पडतो. किती पडतो ते अँपिअरला ओहमने गुणलं की निघतं. म्हणून रिकामी वायर मीटरने तपासली तर ती चांगलीच दिसणार. तपासायची ती काम चालू असताना.

आता हिशेब सांगतो, कारण आमच्या गटाला हिशेबाशिवाय काही पचत नाही. स्वस्तातल्या यूएसबी वायरीच्या आत जी तांब्याची तार असते ती ०.०८ चौरस मिलिमीटर जाडीची. आपण घरात दिव्याला दीड एमएमची वायर घालतो, तिच्या ही अठरा पट बारीक. तिला मीटरमागे साधारण ०.२१ ओहम आडकाठी. आणि इथे आम्ही सगळ्याच चुकलो होतो: वीज नुसती जात नाही, परतही यावी लागते. अंतर वीस मीटर, पण तार मोजायची चाळीस मीटर. चाळीस गुणिले ०.२१, म्हणजे साडेआठ ओहमच्या आसपास. त्यातून दोन अँपिअर न्यायचे तर वाटेतच १७ व्होल्ट खर्च व्हायला हवेत. घरून पाच रुपये घेऊन निघालेल्या माणसाकडे वाटेत सतरा रुपये टोल मागितला तर तो पोचेल कसा? टॅब दाब पडताना पाहतो आणि आपलं ओढणं कमी करतो, म्हणून तो ०.०९ वर येऊन थांबला होता.

त्या दिवशी शेडात कुणी फार बोललं नाही. सूनबाईंच्या सासूबाई मात्र मीटरकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या.

मग उपाय. आमच्या डोक्यात पहिलं आलं ते असं: वायर जाड घालू. भाचीने तोही हिशेब मांडला. अडीच एमएमची चांगली तांब्याची वायर घेतली तर मीटरमागे ०.००७४ ओहम, चाळीस मीटरला जवळजवळ ०.३. दोन अँपिअर नेले तर ०.६ व्होल्ट पडले. म्हणजे ५.१ चे साडेचार उरले. एवढी महागाची जाड वायर घालूनही टॅब रडतखडतच चार्ज होणार, आणि ती जाड वायर त्या चिमुकल्या पिनेला जोडायची कशी हा वेगळाच प्रश्न. पाच व्होल्ट म्हणजे मुळातच कमी दाब. त्यातून अर्धा व्होल्ट गेला तरी दहावा हिस्सा गेला.

खरा उपाय उलटा आहे. पाच व्होल्ट खोलीत तयार करून शेडापर्यंत न्यायचेच नाहीत. बॅटरीचे बारा व्होल्ट तसेच शेडापर्यंत न्यायचे, आणि तिथे, टॅबच्या अगदी शेजारी, त्यांचे पाच करायचे. तेवढंच काम बारा व्होल्टवर नेलं की अँपिअर निम्म्याहून कमी लागतात, आणि अँपिअर कमी म्हणजे वाटेतली पडझड कमी. शिवाय बारातून अर्धा गेला तर साडेअकरा उरतात, आणि पाच करणाऱ्या डबीला त्याने काहीच फरक पडत नाही. ती साडेअकरातूनही पूर्ण पाच देते.

ही डबी म्हणजे काही नवलाची वस्तू नाही. जीपमध्ये, कारमध्ये मोबाइल चार्ज करायला जो चार्जर लावतात ना, तेच काम तो करतो, बाराचे पाच. आम्ही तोच घेतला, १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालणारा, पाच व्होल्ट आणि तीन अँपिअर देणारा. घेताना डब्यावर दोन गोष्टी वाचा: आत किती व्होल्ट चालतात, आणि बाहेर किती अँपिअर निघतात. बॅटरी उन्हात भरताना १४ व्होल्टच्या वर जाते आणि उतरली की ११ वर येते, तेवढं सगळं त्याला झेपलं पाहिजे. आणखी एक. टॅब पिन लावल्यावर आधी चार्जरची ओळख पटवून घेतो. ओळख पटली नाही तर अर्ध्या अँपिअरच्या वर ओढतच नाही. उघड्या सर्किटची फार स्वस्त डबी घेतली तर हे होऊ शकतं. म्हणून मोबाइलच्या नावानेच मिळणारा नीट चार्जर घ्यावा, आणि चार्जर ते टॅब ही शेवटची यूएसबी वायर मीटरभराच्या आतली, चांगली घ्यावी. तिथे कंजुषी केली तर मागचं सगळं वाया.

वायर आम्ही दीड एमएमची, दोन कोरची, तांब्याची घेतली. आणि ही घेताना पुन्हा फसता फसता वाचलो. पहिल्या दुकानात लाल-काळी जोडवायर दाखवली, स्वस्त, दिसायला झकास. भाचीने टोक ब्लेडने खरवडलं, तर वरचं तांबं निघून आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची आडकाठी तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि पावसाळ्यात तिचे सांधे लवकर खराब होतात. खरवडून बघायला लाजू नका. साडी घेताना आपण सूत ओढून बघतोच की.

दीड एमएमला मीटरमागे ०.०१२ ओहम, चाळीस मीटरला अर्ध्याहून जरा कमी. लागणार एक अँपिअरच्या आतबाहेर. म्हणजे वाटेत अर्धा व्होल्टही पडायला नको. हा कागदावरचा हिशेब. बसवल्यावर मोजलं: खोलीत १२.६, शेडात टॅब चालू असताना १२.२, आणि टॅबच्या पिनेपाशी पाच व्होल्ट, १.८ अँपिअर. कुठे ०.०९ आणि कुठे १.८! वीसपट.

वायर अंगणातून वरून नेली असती तर टेम्पोच्या टपाला अडकली असती. दीड फूट चर खणला, त्यात प्लॅस्टिकचा पाइप टाकला, त्यातून वायर नेली, दोन्ही तोंडं बंद केली, म्हणजे उंदीर आणि पाणी आत जाणार नाही. मधे कुठेही सांधा ठेवला नाही. वायर, पाइप, चार्जर, फ्यूज सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं. चर आम्हीच खणला.

आता फ्यूज. हे ऐकताना जरा हातातलं काम बाजूला ठेवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून बायका म्हणतात यात काय भ्यायचं. झटका बसत नाही हे खरं. पण त्या बॅटरीच्या प्लस आणि मायनसला धातूने एकत्र जोडलं, तर तिच्यातून एका क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात. तार लाल होते, प्लॅस्टिक पेटतं. चर खणताना कुणाची कुदळ वायरीवर बसली तर हेच होणार. म्हणून बॅटरीच्या प्लसकडून निघणाऱ्या वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच, तीन अँपिअरचा फ्यूज लावायचा. शेडात लावून उपयोग नाही, कारण वाचवायची आहे ती मधली वायर. आणि बॅटरीपाशी काम करताना हातातल्या पाटल्या, धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवायची, मंगळसूत्र पदराआड खोचायचं. काचेच्या बांगडीतून वीज जात नाही, पण पाटली एका टोकाकडून दुसऱ्याला टेकली तर ती मनगटावरच तापते. भाचीने पहिलं काम तेच करायला लावलं. कुंकवाचं लेणं काढायचं कसं, असं एक काकू म्हणाल्या. त्यांना आम्ही बॅटरीपासून लांब, पाइप धरायला उभं केलं.

वायर थेट बॅटरीला न जोडता कंट्रोलरवर दिव्याची जी खूण असते त्या जागी जोडली. बॅटरी फार उतरली की कंट्रोलर तिथला पुरवठा आपोआप तोडतो, बॅटरी मरत नाही. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, हे दोनदा बघा. उलट जोडलं तर तो चार्जर बहुतेक पुन्हा उठत नाही. खर्चाचं म्हणाल तर बारा वॅट चार तास म्हणजे ४८ वॅट-तास. आमच्या बॅटरीत भरलेली असताना ४८० असतात. दहावा हिस्सा. दिवे पूर्वीसारखेच चालतात.

एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. टॅब मिळतोय म्हणून चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवायचा नाही. त्याच्या आतल्या लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, सतत शंभर टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. आमचं शेड पत्र्याचं, एप्रिलची दुपार. दोन्ही एकदम झालं तर बॅटरी फुगते, टॅबची पाठ उचलली जाते. म्हणून खोलीत एक बटण बसवलंय. चारला चालू, टेम्पो निघाला की बंद. काही टॅबमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंगमध्ये असते, असली तर लावून घ्या. चौकटीच्या मागे दोन बोटं जागा सोडली आहे, वारा खेळावा म्हणून. टॅबची पाठ फुगलेली दिसली तर लगेच बंद करा, चार्जिंग काढा, दाबू नका, टोचू नका, पोरांच्या हाती देऊ नका. दुकानात दाखवा.

काही जणी विचारतील, खोलीत घरगुती वीज आहे, मग सरळ २३० व्होल्टची वायर ओढून शेडात साधा चार्जर का लावू नये? दाब जास्त म्हणून वाटेतली पडझड नगण्य, हे बरोबर आहे. पण ते काम परवानाधारक वायरमनचंच, अर्थिंगसकट, गळती झाल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचसकट. तीन बाजूंनी उघडं शेड, ओले क्रेट, ओले पाय. एक्स्टेन्शन बोर्ड अंगणातून ओढत न्यायचा विचारसुद्धा करू नका.

आणि ज्यांचं शेड आमच्यासारखं वीस नव्हे, साठ-ऐंशी मीटरवर आहे त्यांनी बाराऐवजी चोवीस व्होल्टची बॅटरी जोडणी असेल तर तीच वापरावी. दाब दुप्पट, अँपिअर निम्मे, वाटेतली पडझड निम्मी. कॅमेरे बसवणारे लोक तर नेटच्याच वायरीतून ४८ व्होल्ट पाठवतात, शंभर मीटरपर्यंत, आणि कॅमेऱ्यापाशी ते उतरवून घेतात. तशी डबी टॅबसाठीही मिळते. म्हणजे तत्त्व तेच, लांब न्यायचं तर दाब जास्त ठेवा आणि शेवटी उतरवा. महापारेषणचे ते उंच मनोरे रानातून गेलेत ना, त्यांचंही गणित हेच.

आता राहिलेलं सांगतो.

मावशींना ३८ किलोचेच पैसे दिले, गटाच्या फंडातून. क्रेट भरणाऱ्या आक्का अजून म्हणतात तेहतीसच होतं. दोघी एकमेकींशी बोलतात, पण गवारीचा विषय निघाला की दोघी गप्प होतात. ‘जतन करा’ आता दर मापाला दाबतो, आणि वहीसुद्धा पुन्हा सुरू केलीय. वजन पडद्यावर आलं की ज्या बाईचं असेल तीच वहीत आपल्या हाताने लिहिते. जिला लिहिता येत नाही तिची नात लिहिते.

सूनबाईंकडे आम्ही आठ जणी गेलो. सगळ्या यायला हव्या होत्या, सहा जणींना त्या दिवशी कामं निघाली. सासूबाईंनी चहा ठेवला. जिने बैठकीत पहिलं वाक्य उच्चारलं होतं, तीच पहिली बोलली, “चुकलं गं आमचं.” सूनबाई म्हणाल्या, “तुम्ही मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. दुपारी मी टॅब उघडतच नव्हते. चार वाजता तो शंभर असायचा, ते मी रोज वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत होते.” वही आणून दाखवली. तारीख, वेळ, टक्के. चारला शंभर, पाचला एवढे, सहाला एवढे, चोवीस दिवसांचे. कुणी विचारलंच नव्हतं.

त्या लगेच परत आल्या नाहीत. दहा दिवसांनी आल्या, आणि एक अट घातली, किल्ली दोन असतील, एक त्यांच्याकडे, एक अध्यक्षांकडे. मान्य केली. ते छोटं मीटर आता गटाने विकत घेतलंय आणि ते त्यांच्याकडेच असतं. शेजारच्या गावातल्या गटाने मसाला कांडपाच्या शेडात असाच टॅब लावलाय, त्यांचाही उतरतोय म्हणे. पुढच्या मंगळवारी सूनबाई आणि आमच्यातल्या दोघी तिकडे जाणार आहेत.

त्या गटाच्या मैत्रिणी ऐकत असतील तर एवढं करून ठेवा. अंतर पावलांनी मोजू नका, टेपने मोजा. वायर सरळ जात नाही, भिंतीवर चढते, चौकटीपाशी उतरते, ते सगळं धरा, आणि येईल त्याची दुप्पट करून कागदावर लिहून ठेवा. आणि आम्ही येईपर्यंत टॅबची वायर काढू नका. चालू असतानाच मोजायचंय.